कामाचेही संग्रहालय असावे

'पेव फुटणे' हा वाक्प्रचार आपल्यापैकी प्रत्येकाने निबंधात कधी ना कधी वापरलेला आहे. शिकवणीवर्गांचे पेव फुटते, शुभेच्छांच्या फलकांचे पेव फुटते, निवडणुका जवळ आल्या की आश्वासनांचे पेव फुटते. परंतु पेव म्हणजे नेमके काय, असा प्रश्न यंदा मराठीच्या तासाला निघाला तेव्हा सबंध वर्गात पाच-सहा जणांनाच उत्तर देता आले. दुसऱ्या एखाद्या जिल्ह्यात असे घडते तर नवल नव्हते. पण जिथली हळद पिढ्यान्‌पिढ्या पेवातच राहिली, त्या सांगलीत हे घडावे याचे मला वाईट वाटले. शब्द जिभेवर राहिला आणि वस्तू डोळ्यांआड झाली. अशा डोळ्यांआड होणाऱ्या वस्तूंचे आणि त्या वस्तूंमागच्या माणसांचे काय करायचे, यासंबंधी माझे विचार या लेखात मांडावेसे वाटतात.

संग्रहालय म्हटले की आपल्याला शाळेची सहल आठवते. रांगेत चालायचे, काचेला हात लावायचा नाही आणि बाहेर आल्यावर वहीत दहा ओळी लिहायच्या! तरीही सातारा-सांगलीकडची मुले या बाबतीत भाग्यवान आहेत असेच मी म्हणेन. खटाव तालुक्यातील औंधच्या टेकडीवर भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी उभारलेले श्रीभवानी संग्रहालय आहे. राजा रविवर्म्याची 'सैरंध्री' तेथे आहे, हेन्री मूर या जगप्रसिद्ध शिल्पकाराचे शिल्पही तेथे आहे. २०२४ च्या जुलैमध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधून आणलेली वाघनखे साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयात मांडली गेली, तेव्हा खेड्यापाड्यांतून माणसे ती पाहायला आली. हे सारे आपल्या अभिमानाचे विषय आहेत, आणि ते जपले गेले याबद्दल जपणाऱ्यांचे ऋण मानलेच पाहिजे.

पण या दालनांतून फिरताना एक प्रश्न मनात डोकावल्याशिवाय राहत नाही. येथे राजा आहे, सरदार आहे, चित्रकार आहे, देवदेवता आहेत. मग आपले आजोबा-पणजोबा कोठे आहेत? ते ना राजे होते, ना चित्रकार. त्यांनी मोट हाकली, पोती वाहिली, भट्टी पेटती ठेवली, हळद शिजवली. त्यांच्या आयुष्यातले एखादे हत्यार, एखादे भांडे, एखादा सदरा कोठे जपून ठेवला आहे काय?

गंमत अशी की ज्या औंधकर राजाने चित्रांसाठी संग्रहालय बांधले, त्याच राजाने कारखान्यांनाही आपल्या संस्थानात जागा दिली. कुंडल रोड स्टेशनाजवळच्या माळावर १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी वसाहत उभारली ती त्याच्याच आधाराने. कऱ्हाडजवळ ओगले बंधूंनी १९१६ मध्ये काचेचा कारखाना काढला. त्या माळाची ओगलेवाडी झाली आणि तेथला 'प्रभाकर' कंदील घरोघरी पोचला. आमच्या आजीच्या माहेरी त्या कंदिलाची काच रोज संध्याकाळी राखेने पुसायची, हे मुलींचे काम असे. पुढे गावोगावी वीज आली, कंदील अडगळीत गेला आणि तो कारखानाही बंद पडला. आज तो कंदील महामार्गावरच्या हॉटेलात छताला शोभेसाठी टांगलेला दिसतो. त्याखाली बसून मिसळ खाणाऱ्याला भट्टीपुढे उभा राहिलेला कामगार कसा आठवणार? वस्तू उरली तरी तिच्यामागचे काम विसरले जाते, ते असे.

याउलट एक उदाहरण सांगते. माझा मावसभाऊ नोकरीनिमित्त कॅनडात व्हँकुव्हरला असतो. गेल्या दिवाळीत त्याने फोनवरून आम्हाला एक संग्रहालय फिरवून दाखवले. व्हँकुव्हरच्या दक्षिणेला, फ्रेझर नदीच्या मुखाशी स्टीव्हस्टन नावाचे मच्छिमारांचे गाव आहे. तेथे १८९४ मध्ये मासे डब्यांत भरण्याचा एक मोठा कारखाना निघाला. पुढे काम थांबले, इमारत रिकामी पडली. आपल्याकडे अशा वेळी पत्रे आणि लोखंड भंगारात जाते आणि जागेवर व्यापारी संकुल उठते. त्या गावाने मात्र इमारत राखण्याचा आग्रह धरला. सरकारने ती राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ म्हणून आपल्याकडे घेतली आणि १९९४ मध्ये, म्हणजे कारखान्याला शंभर वर्षे झाली त्या वर्षी, तेथे संग्रहालय उघडले.

मला वाटले होते, आत माशांची चित्रे आणि मालकांच्या तसबिरी असतील. पण भाऊ फोन फिरवीत गेला तसे वेगळेच दिसू लागले. नदीच्या पाण्यात रोवलेल्या लाकडी खांबांवर उभी असलेली ती प्रचंड वखार, मासे कापायचे यंत्र, डबे भरायची आणि झाकायची ओळ, सगळे समोर होते. त्या काळी या किनाऱ्यावर काम करणाऱ्यांत चिनी मजूर होते, जपानी कोळी होते, तेथल्या मूळच्या आदिवासी बायका होत्या. बायका पोरे पाठीला बांधून मासे धूत, मजुरी कामाच्या मोजदादीवर मिळे. मासे कापण्याचे यंत्र आले तेव्हा त्याने चिनी मजुरांची जागा घेतली, आणि त्या यंत्राला नावही चिनी माणसाला हिणवणारे दिले गेले होते. महायुद्धाच्या धामधुमीत जपानी वंशाच्या कोळ्यांच्या होड्या सरकारने जप्त केल्या आणि १९४२ मध्ये त्यांना किनाऱ्यावरून हुसकावून लावले. हा इतिहास काही भूषणावह नाही. पण तो आज तेथे उघडपणे सांगितला जातो. मासळीच्या डब्यासारख्या क्षुल्लक वस्तूतून एका गावाचे सुखदुःख आणि अन्याय समजू शकतो, हे मला तेव्हा पहिल्यांदा जाणवले.

आता कोणी म्हणेल, कोठे तो समुद्रकाठचा मासळीचा कारखाना आणि कोठे आपण घाटावरचे लोक! आपला माशांशी संबंध तो आठवड्याच्या बाजारात कोकणातून येणाऱ्या सुक्या बोंबलांपुरता. पण थोडा विचार केला तर संबंध फार जवळचा आहे. हंगामात भरपूर येणारे अन्न वर्षभर टिकवायचे कसे, हा माणसापुढचा जुना प्रश्न आहे. कोकणातल्या कोळणीने मासळी उन्हात वाळवून तो सोडवला. निकोला आपेर नावाच्या एका फ्रेंच मिठाईवाल्याने अन्न बाटलीत घालून, बूच घट्ट बसवून ती उकळून काढली आणि १८१० मध्ये आपली रीत पुस्तकरूपाने जगाला सांगितली. त्याबद्दल त्याला फ्रेंच सरकारकडून १२ हजार फ्रँकचे इनाम मिळाले. अन्न का टिकते हे त्याला सांगता येत नव्हते; ते कोडे लुई पाश्चरने पुढे अर्धशतकाने उलगडले. डबाबंद मासळीचा सारा धंदा त्या मिठाईवाल्याच्या पाठीवर उभा राहिला.

आणि आपल्या कृष्णाकाठच्या माणसाने काय केले? त्याने जमीन खणली. वरून माणूस जेमतेम उतरेल एवढे तोंड ठेवायचे, आत पोट फुगवीत न्यायचे, सुरईसारखे. १५ ते २० फूट खोल. आतून गवत, वाळका पाला आणि चटया लावायच्या, त्यात वाळलेली हळकुंडे ओतायची आणि तोंड मातीने बंद करून टाकायचे. हवा आत जात नाही, मग किडा-मुंगी जगत नाही. हळद वर्षानुवर्षे आहे तशी राहते. आपेरने उष्णतेने आणि बुचाने जे साधले, त्याच्या निम्मे काम आपल्या माणसाने नुसत्या मातीने साधले. त्यालाही कारण सांगता आले नसते. पण काम येत होते. हरिपूर आणि सांगलवाडीची माती अशी की ती ढासळत नाही, म्हणून ही पेवे तेथेच झाली आणि सांगलीची पेठ हळदीसाठी नावाजली. २०१८ मध्ये सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले, ते याच परंपरेच्या जोरावर.

हे सगळे पुस्तकात वाचून समाधान होईना, म्हणून आम्ही चौघी मैत्रिणी एका रविवारी हरिपूरला गेलो. चिंचेच्या झाडांच्या सावलीतून जाणारा तो रस्ता सांगलीकरांना सांगायला नको. कृष्णा-वारणेच्या संगमावर संगमेश्वराचे देऊळ आहे. 'संगीत शारदा' लिहिणारे नाटककार गोविंद बल्लाळ देवल याच हरिपूरचे. देवलांचे गाव कोणते, हे आमच्यापैकी प्रत्येकीला ठाऊक होते. पण पेवे कोठे आहेत हे विचारावे लागले. दोघातिघांनी हात हलवून "तिकडे होती पूर्वी" एवढेच सांगितले. शेवटी एका म्हाताऱ्या गृहस्थांनी आम्हाला नेऊन दाखवले. काय दाखवले? गवत माजलेली जमीन, मधूनमधून खचलेले खळगे, आणि एका जागी दगड टाकून बुजवलेले तोंड.

"आता हितं काय हाय बघाय, पोरींनो?" ते म्हणाले. पण आम्ही बसलो आणि विचारू लागलो तसे ते बोलायला लागले. त्यांची उमर पेवात उतरण्यात गेली होती. पेव उघडले की लगेच आत जायचे नसते. तोंड मोकळे ठेवून तास-दोन तास, कधी जास्त, वाट पाहायची. मग दोरीला बांधून कंदील खाली सोडायचा. कंदील जळत राहिला तर माणूस उतरेल. विझला तर अजून थांबायचे. आत उतरलेल्या माणसाने टोपल्या भरायच्या, वरच्याने ओढायच्या. आतला उकाडा, हळदीची धूळ, डोळ्यांत, नाकात, अंगावर पिवळेपणा. "सणाला नवी कापडं घातली तरी गळा पिवळाच दिसायचा. लोक हसायचे, ह्याची हळद उतरंना म्हणून."

मग त्यांनी आपल्या थोरल्या भावाची हकीकत सांगितली. एका व्यापाऱ्याची गाडी लावायची घाई होती. कंदील सोडला होता, तो विझलाही होता. पण गाडीवान खोळंबला होता, मुकादम ओरडत होता. भाऊ उतरला तो परत हाक देईना. त्याला काढायला दुसरा उतरू लागला, त्याला मात्र लोकांनी धरून ठेवले, म्हणून एकावर भागले. घरी चार दिवस रडारड झाली, व्यापाऱ्याने काही रुपये धाडले, आणि पाचव्या दिवशी हे स्वतः त्याच कामावर गेले. "न जाऊन सांगायचं कुणाला?" एवढेच ते म्हणाले. त्या भावाचे नाव कोठे लिहिलेले नाही. कोठल्या वहीत ते असेल तर 'हमाली' या सदराखाली दोन आकडे कमी झाले असतील, तेवढेच.

आम्ही निघताना त्यांनी विचारले, "हे समदं तुम्ही कशाला लिवून घेताय?" आम्ही कॉलेजच्या अंकासाठी म्हणून सांगितले. ते म्हणाले, "ह्याच्या आधी कुणी इचारलं न्हाय." पेवे सांगलीच्या व्यापाराचे भूषण, असे आपण भाषणात म्हणतो, आणि पेवात उतरलेल्या माणसाला त्या पेवांबद्दल आजवर कोणी एक प्रश्न विचारला नव्हता!

२००५ च्या महापुरात कृष्णेचे पाणी पेवांत शिरले आणि हळदीची फार हानी झाली. त्यानंतर व्यापारी शीतगृहांकडे वळले. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पुन्हा पुराने हा सारा भाग बुडाला. पेवे परत सुरू करावीत असे माझे मुळीच म्हणणे नाही. शीतगृहात कंदील विझत नाही आणि माणूस गुदमरत नाही; जे काम माणसाचा जीव घेते ते गेले तर बरेच झाले. परंतु काम गेले म्हणून त्याची आठवणही जावी काय? ज्यांनी ते केले त्यांचे ज्ञान आणि त्यांचे मरण दोन्ही मातीत बुजून जावे काय? माझा मुद्दा एवढाच आहे.

यावर काही आक्षेप येतील याची मला कल्पना आहे. पहिला आक्षेप पैशाचा. जिथे शाळेला धड छप्पर नाही तिथे खड्ड्याचे संग्रहालय कसले करता, असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. पण मी काही संगमरवरी इमारत मागत नाही. एक पेव साफ करून, त्याच्या कडेला पायऱ्या काढून, भोवती चौथरा आणि वर पत्र्याची शेड केली तर पुराच्या पाण्यातही फार नुकसान होणार नाही. शेजारी एका खोलीत हळद शिजवायची काहील, टोपली, दोर, कंदील, तराजू आणि एखादी जुनी अडतीची वही ठेवावी. एखाद्या मोठ्या लग्नातल्या मांडवाचा खर्च यापेक्षा जास्त होत असेल.

दुसरा आक्षेप असा की, यात पाहण्यासारखे आहे काय? एक भोक, चार टोपल्या! पण पाहणाऱ्याला दाखवणारा हवा. आमच्याबरोबर ते आजोबा नसते तर आम्हालाही खळगेच दिसले असते. ते बोलू लागले आणि त्या खळग्यांतून सांगलीची निम्मी पेठ उभी राहिली: शेतात हळद काढणारी बाई, काहिलीखाली जाळ घालणारा शेतकरी, हळकुंडे निवडीत दिवसभर उकिडव्या बसणाऱ्या बायका, पाठीवर पोते घेणारा हमाल, तोलार, दलाल, अडत्या आणि गादीवर लोडाला टेकून सौदा करणारा शेठ. अर्थशास्त्राच्या पुस्तकात आम्ही 'बाजारपेठ' हा धडा वाचतो. तो धडा मला त्या दिवशी त्या बुजलेल्या तोंडापाशी समजला.

तिसरा आक्षेप मला स्वतःलाच सुचतो, आणि तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो. असे संग्रहालय झालेच तर ते कोणाचे होईल? दारात देणगीदारांच्या नावांची भली मोठी पाटी, आत जुन्या पेढ्यांच्या मालकांचे फेटे घातलेले फोटो, उद्‌घाटनाला मंत्री, आणि कोपऱ्यात मेणाचा एक हमाल हसतमुखाने पोते उचलताना! असे होणार असेल तर न झालेले बरे. व्यापाऱ्यांचे कर्तृत्व मी नाकारीत नाही. त्यांनी धोका पत्करून पेठ वाढवली, त्यांचीही गोष्ट सांगितली पाहिजे. पण पेवाच्या वर उभा राहणारा आणि पेवाच्या आत उतरणारा या दोघांची गोष्ट एकच नसते. स्टीव्हस्टनच्या संग्रहालयाकडून शिकण्यासारखे काही असेल तर ते हेच. त्यांनी यंत्राचे ते लाजिरवाणे नाव लपवले नाही. आपणही विझलेल्या कंदिलाची हकीकत लपवू नये. तो कंदील तेथे असावा, आणि तो विझल्यावरही माणसाला का उतरावे लागले, हे त्याच्याजवळ लिहिलेले असावे.

सांगलीला आपण नाट्यपंढरी म्हणतो. १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी येथे 'सीता स्वयंवर' केले, त्याचा सोहळा आपण आजही करतो, नाट्यगृहाला त्यांचे नाव देतो. ते योग्यच आहे. पण नाटकाला जे प्रेक्षक येत, त्यांच्या खिशातला पैसा कोठून येत होता? शेतातून, पेठेतून आणि या पेवांतून. कला आणि काम एकाच गावात, एकाच नदीकाठी वाढले. एकाला नाट्यगृह मिळाले, दुसऱ्याच्या वाट्याला दगड टाकून बुजवलेले तोंड आले. कला शाखेच्या आपण विद्यार्थ्यांनी तरी हा भेद मनात बाळगू नये असे वाटते.

सरकार करील तेव्हा करील, नगरशेठ करतील तेव्हा करतील. त्यांची वाट पाहत बसलो तर इमारत होईल, पण तिच्यात सांगणारे कोणी उरणार नाही. पेवात उतरलेली माणसे आता थकली आहेत, त्यांच्यानंतर हे काम हाताला ठाऊक असलेली पिढी नाही. म्हणून पहिले काम आपले आहे. आज आपल्या प्रत्येकाच्या हातात बोलणे टिपून घेणारा फोन आहे. इतिहास मंडळाने आणि राष्ट्रीय सेवा योजनेच्या विद्यार्थ्यांनी मिळून येत्या उन्हाळ्यात हरिपूर आणि सांगलवाडीत घरोघर जावे, पेवात काम केलेल्यांची, हळद निवडणाऱ्या बायकांची बोलणी टिपून घ्यावीत, त्यांचे शब्द जसेच्या तसे लिहावेत आणि ग्रंथालयात ठेवावेत. ओगलेवाडीजवळ राहणाऱ्या आपल्या मित्रांनी काचेच्या भट्टीबद्दल तेच करावे. अडगळीतला कंदील, जुनी वही, तराजूचे पारडे भंगारवाल्याला देण्याआधी एकदा महाविद्यालयात आणून दाखवावे. यासाठी अनुदान लागत नाही, ठराव लागत नाही.

आमची चौघींची वही प्राध्यापकांच्या परवानगीने ग्रंथालयात ठेवली आहे. तिच्यात सोळा पाने भरली आहेत. पहिल्या पानावर, त्या आजोबांनी सांगितले तसे, त्यांच्या भावाचे नाव आहे. पुढची पाने कोरी आहेत. ज्यांना लिहावयाचे असेल त्यांनी ग्रंथपालांकडे मागावी.